नर्मदेवर डबल बेल

एक पाय काठावर आणि एक पाय नावेत, अशा अवस्थेत छबूबाईंनी नवऱ्याला अट घातली.

“ओ चेतनाना बाप, आतेच सांगी ठेवस. आज माले घाई करी ना, तं यानापुढे मी तुमनासंगे देऊळमा बी येवाव नही. उमजनं?”

“उमजनं, उमजनं. चल, चढ लवकर,” सुपडू म्हणाला आणि त्याने लगेच जीभ चावली.

आम्ही सगळे खो खो हसलो. नाववाला भरतसुद्धा हसला, आणि त्या बिचाऱ्याला तर आमचा इतिहासही ठाऊक नव्हता.

इतिहास असा की सुपडू एसटीत कंडक्टर आणि मी, नवनीत, ड्रायव्हर. शहादा डेपोत आमची जोडी प्रसिद्ध होती. त्याने मागून दोरी ओढून डबल बेल दिली की मी गियर टाकायचा. मागे वळून बघायचं नाही. मागचं सगळं त्याचं, पुढचं सगळं माझं. इतका डोळे मिटून विश्वास मी बायकोवरही टाकलेला नाही, आणि हे मी सुगंधाबाईंच्या, म्हणजे त्याच बायकोच्या, तोंडावर सांगतो. सुपडू माणूस सोन्यासारखा. पण उतावळा म्हणजे किती! रिटायर झाला तरी घरात ‘चला, चला, पुढे सरका’ चालूच. लेकीच्या लग्नात वाढप्यांच्या मागे फिरून त्याने अशी काही लगीनघाई केली, की व्याही मंडळी जिलेबी हातात घेऊनच पंगतीतून उठली.

यात भरडल्या गेल्या त्या छबूबाई. नवरा आज या मुक्कामी, उद्या त्या. ब्राह्मणपुरीतली शेती त्यांनी बघितली, सासू-सासरे त्यांनी बघितले, चेतनाला त्यांनी वाढवलं. एकदाच नवऱ्यासोबत हौसेनं सारंगखेड्याच्या यात्रेला गेल्या. बांगड्यांच्या दुकानात एक हात भरून झाला होता, दुसरा भरायचा होता, तेवढ्यात हा बाबा ‘गाडी सुटेल, गाडी सुटेल’ करत त्यांना ओढत घेऊन गेला. एका हातात बांगड्या आणि दुसरा मोकळा, अशी ती बाई घरी आली. तेव्हापासून त्या त्याच्यासोबत कुठेच गेल्या नाहीत. भांडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. जायचं म्हटलं की ‘माले काम शे’ एवढंच.

म्हणून चेतनाने पुण्याहून फोनवर ही आख्खी नाव दिवसभरासाठी ठरवली, आणि आईला शपथ घालून तयार केलं. बाबांना म्हणाली, मित्रांना घेऊन जा, म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार नाही. असे आम्ही पाच जण निघालो. ते दोघं, आम्ही दोघं आणि डेपोतला आमचा जुना मेकॅनिक सुकलाल. पहाटे जीप केली, म्हसावदला चहा घेतला, घाट चढलो, धडगाव मागे टाकलं आणि नर्मदेच्या काठावर येऊन उभे राहिलो. धरणाचं पाणी चढलं तेव्हा इकडचे डोंगर बुडाले आणि त्यांची डोकी तेवढी वर राहिली. त्यांनाच इथले लोक टापू म्हणतात. एका टापूवरून दुसऱ्यावर असं दिवसभर हिंडायचं होतं.

पहाटे निघताना सुपडूने मला बाजूला घेतलं होतं. “नवनीत भो, आज जर बिघडनं ना, तं ती परत कव्हयच मन्हासंगे येवाव नही. तू माले आवर.” मी त्याचं मनगटी घड्याळच काढून घेतलं आणि खिशात टाकलं. रोग्याजवळ गूळ कशाला ठेवायचा?

नाव सुटली. वर पत्र्याचं छप्पर, बसायला बाकं, आणि पुढे भरतने कुठल्याशा भंगारातून आणलेलं ट्रॅक्टरचं स्टिअरिंग. ते बघितल्यापासून माझे हात शिवशिवत होते. सुकलाल तर चढल्या चढल्या इंजिनापाशी कान लावून बसला. सुपडूला बस म्हटलं तरी बसवेना. आयुष्य उभ्याने गेलेलं. तो मागच्या टोकाला छपराचा खांब धरून उभा राहिला.

बायकांच्या बाकावर छबूबाई आणि सुगंधाबाई. छबूबाईंनी पिशवीतून एक कोरं लुगडं काढून दाखवलं. हिरवं, लाल काठाचं. अंगावर नेसल्या होत्या अगदी तसंच.

“दोन कसाले लिधात वं?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“एक नर्मदामायनं शे. तापीमाय आपली घरनी, तिले काय बी चालस. नर्मदामायना घर आपन पाव्हना. मी चांगलं नेसू आन् तिले हलकं देऊ? जे माले, तेच तिले.”

आता हे आमच्याकडे सगळेच करतात असं नाही. पण छबूबाईंचा स्वभाव तसा. देवाला द्यायचं ते बाजारातलं शेवटचं नको.

पहिला टापू म्हणजे नुसता खडक आणि गवत. फोटो काढले, सुकलालने पाण्यात पाय सोडून बेसूर गाणं म्हटलं. सुपडूने शब्दाने घाई केली नाही. फक्त येरझारा घालून त्याने तिथे पायवाट पाडली.

दुसऱ्या टापूवर भरतचं घर होतं. कुडाच्या भिंती, दारात चार कोंबड्या, पलीकडे शेळ्या. त्याची आई रेवाबाई बाहेर आली. ती आदिवासींच्या पावरी बोलीत बोलायची आणि छबूबाई अहिराणीत. एकीचं दुसरीला किती कळत होतं देव जाणे, पण दोघी अशा बोलत सुटल्या की भरतला मध्ये पडून अर्थ सांगायची गरजच पडेना. रेवाबाईने पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. तिचं सासर तिथे खाली होतं. पाणी आलं तसं घर वर वर सरकवत तिने इथवर आणलं. छबूबाई बराच वेळ त्या बोटाच्या दिशेने बघत राहिल्या. मग पिशवीतून त्यांनी नर्मदेचं लुगडं काढलं आणि रेवाबाईला कुंकू लावून तिच्या ओटीत घातलं.

“अवं, ते तं मायनं व्हतं ना?” सुगंधाबाई म्हणाल्या.

“पानीमा सोडीसन काय करू? सडी जाई. हाई मायना आंगनमाच ऱ्हास ना? पोचनं तिले.”

रेवाबाई आत गेली ती लुगडं नेसूनच बाहेर आली. पुढच्या टापूवर तिची लेक रविना दिलेली होती. तिला दाखवायला जायचं म्हणून आमच्यासोबतच निघाली.

आता पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, नाही कशाला म्हणू? मी भरतच्या मागे लागलो होतो, “भरत, एकडाव तं चाक दे रे भो. मी काय आज चालवाले शिकी ऱ्हायनू का?” तो मुलखाचा भिडस्त. म्हणाला, “घ्या काका, पण सरळ चालवा.” मी चाकावर बसलो आणि मला पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. भरत बांबूने नाव ढकलायला मागे गेला. सुकलाल इंजिनात. सुगंधाबाई बाकावर बसल्या आणि त्यांच्या शेजारी रेवाबाई येऊन बसली.

सुपडू मागे उभा. कंडक्टर माणसाला ओळखतो ते पाठमोरं. त्याला समोर बाकावर दोन पदर दिसले, त्यातला एक हिरवा, लाल काठाचा. झालं! त्याचा हात आपोआप वर गेला आणि छपराच्या पत्र्यावर बोटातल्या अंगठीने त्याने वाजवलं. टण टण.

आणि डबल बेल मिळाल्यावर मागे बघेल तो ड्रायव्हर कसला? मी नाव सोडली.

काय झकास चालवली म्हणून सांगू! इंजिनाच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नव्हतं. सुगंधाबाईंना वाटलं, छबूबाई नवऱ्याशेजारी मागे बसल्या असतील, बरं झालं, बसू दे. त्यांनी मुद्दाम वळून पाहिलं नाही. आमच्या मंडळींचा समजूतदारपणा असा नेमका भलत्या वेळी उफाळून येतो.

तिसऱ्या टापूला नाव लागली. सुपडू घाईने पुढून खाली उतरला आणि आज पहिल्यांदाच, चारचौघांत, बायकोला उतरवून घ्यायला त्याने हात पुढे केला. मान खाली, कान लाल. “ये, सावकाश उतर. घाई नही,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

त्याच्या हातात रेवाबाईचा हात पडला. ती माउली तोंडभर हसली.

सुपडूने वर बघितलं. मग नावेत बघितलं. मग आमच्याकडे.

“मन्ही बायको कोठे शे?”

सुकलाल आधी हसला आणि मग त्याचा चेहरा बघून गप्प झाला. सुपडूच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो तसाच मटकन खडकावर बसला. “मी सोडी दिधं तिले,” एवढंच म्हणत राहिला. “नवनीत भो, मीच बेल दिधी.” मी म्हटलं, “अरे, टापूवर शे, जाई कोठे?” पण मला कळत होतं, ती बुडेल या भीतीने तो रडवेला झाला नव्हता. त्याला सकाळची अट आठवत होती. एकदा एकच हात भरलेला असताना ओढून आणलं, आणि आज आख्खी बाईच सोडून आला.

भरतने चाक माझ्याकडून काढून घेतलं. रेवाबाईला लेकीकडे सोडून आम्ही परत फिरलो.

छबूबाई महूच्या झाडाच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी जेवणाची पिशवी. आमचं सगळ्यांचं जेवण त्यांच्याकडेच राहिलं होतं, हेही तेव्हाच आमच्या ध्यानात आलं. एक शेळी त्यांच्या पदराचा वास घेत होती.

सुपडू गुडघाभर पाण्यातच उतरला. “चेतनानी माय, मन्हं चुकनं. माले वाटनं तूच बठेल शे. लुगडं तेच ना वं! माले…”

“मी शेळ्या देखाले मांगे गयथू,” छबूबाई शांतपणे म्हणाल्या. “उनू तं नाव जाई ऱ्हायनी. पहिले बोंब मारी. मंग माले हासूच उनं. म्हटलं, दखा! घाई करू नको सांगं, तं मालेच इसरी गयात.”

आणि त्या खरंच हसायला लागल्या. सुगंधाबाईही हसल्या, सुकलाल तर लोळला. सुपडूला मात्र हसू येईना. तो हात जोडून उभा.

“चला मावशी,” भरत म्हणाला, “अजून पुढचा टापू बघायचा आहे. तिथून सातपुडा लई भारी दिसतो.”

“मी नही येवाव, भाऊ,” छबूबाई म्हणाल्या. सुपडूचा चेहरा पडला. “राग नही रे. माले आठे बरं वाटी ऱ्हायनं. कोन्ही हाका मारस नही, कोन्ही काही मांगस नही. जल्ममा पहिलींदाव अशी बठनू. तुम्ही जा, देखी या.”

त्यांनी पिशवी उघडली. कळण्याच्या भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी, कांदे. आमच्या तिघांचं आणि भरतचं फडक्यात बांधून त्यांनी सुगंधाबाईंच्या हाती दिलं. दोघांचं ठेवलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

“तुम्ही काय करतस? जातस का बठतस?”

सुपडूने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. प्रत्येक गोष्ट काय ड्रायव्हरने सांगायची?

तो बसला. आधी उकिडवा बसला, कंडक्टर थांब्यावर बसतो तसा. मग मांडी घातली.

आम्ही निघालो. या वेळी टण टण करायला मागे कोणी नव्हतं, म्हणून नाव सुटताना मलाच चुकल्या चुकल्यासारखं झालं. पुढच्या टापूवरून सातपुडा खरोखर भारी दिसला. जेवलो, सुकलाल जाकीट उशाला घेऊन घोरला. सुगंधाबाई मला म्हणाल्या, “आपन बी येसूत एकडाव, दोन्हीच.” मी हो म्हटलं. नाही म्हणायची काय टाप होती!

उन्हं कलल्यावर परत आलो. मला वाटलं होतं, दोघं कंटाळून काठावर येऊन उभे असतील, नाहीतर भांडून दोन दिशांना तोंडं करून बसले असतील. बघतो तर आत्ता कुठे त्यांची जेवणं चालली होती. भरीत अजून तसंच. म्हणजे इतका वेळ ही माणसं नुसती बोलतच होती. काय बोलले असतील? जन्मभराचं साचलेलं एका दुपारीत किती निघणार? मी विचारलं नाही, आणि सुपडूनेही मला कधी सांगितलं नाही. त्याचे डोळे मात्र लाल झालेले दिसत होते. चटणीने असतील म्हणायला जागा होती.

नावेचा आवाज ऐकला आणि सुपडू दचकला. मी त्याला हजारो वेळा जेवताना पाहिलंय. कुठल्या तरी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये, उभ्याने, डोळे घड्याळावर, घास तोंडात आणि पाय गाडीकडे. ताटात नेहमी अर्धी भाकरी तशीच टाकून उठायचा. आताही त्याने दोन घास एकदम तोंडात कोंबले आणि उठण्यासाठी हात टेकला.

छबूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“भरत भाऊ,” त्या मान न वळवता आमच्याकडे ओरडल्या, “थांब रे जरासा. ते जेवी ऱ्हायनात.”

भरतने इंजिन बंद केलं. आम्ही सगळे नावेतच बसून राहिलो. छबूबाईंनी पिशवीतून आणखी एक भाकरी काढली, मोडली, आणि सुपडूच्या ताटात वाढली.

“हळू,” त्या म्हणाल्या.