सहा वर्षांच्या हातातला हातोडा

आमच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या टर्नरचा जबडा मी मोडला तो एका प्रश्नापायी. जेवणाची सुट्टी होती, डबे उघडले होते, आणि मी माझी नेहमीची गोष्ट सांगत होतो. आमच्या घराला लागूनच बापाची भट्टी होती. एका दुपारी तो तापलेल्या सांडशीनं आईला डागत होता. मी सहा वर्षांचा. ऐरणीवर चढलो, हातोडा उचलला आणि बापाचं उजवं कोपर फोडलं. तो जो पळाला तो पुन्हा दिसला नाही. कारखान्यात ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्यामुळेच मला घण्या म्हणतात आणि फोरमनसुद्धा माझ्याशी जपून बोलतो.

टर्नर घास चावता चावता म्हणाला, "घण्या, सहा वर्षांच्या पोराला हातोडा उचलतो तरी का रे? दोन किलोचा असतो तो."

हसत विचारलं त्यानं. चार टाळकी हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहिल्या बुक्कीत त्याचे दोन दात त्याच्याच डब्यात पडले. दुसऱ्या बुक्कीत जबडा गेला; वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो खाली पडल्यावरही मी लाथा घालत होतो आणि ओरडत होतो, "ऐरणीवर चढलो होतो मी! ऐरणीवर!" चौघांनी मला ओढून बाजूला केलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

मालकानं मला आठवडाभर घरी बसवलं. टर्नरनं तक्रार केली नाही. माझ्याविरुद्ध तक्रार करायची कुणाची टाप नव्हती.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून आमचं बोलणं तसं कमीच. ती म्हणाली, "बाबा सापडलेत. एका निराधारांच्या आश्रमात होते. घरी आणलंय मी. काही ओळखत नाहीत रे ते. ये, पण डोकं शांत ठेवून ये."

एकतीस वर्षं मी त्या माणसाची वाट बघत होतो. तो हातोडा माझ्या घरात खिळ्याला टांगलेला असतो. तो काढला, पिशवीत टाकला आणि निघालो. एक कोपर झालं होतं, दुसरं बाकी होतं.

ताई कामगारांचे गणवेश शिवते. पुढच्या खोलीत मशीन, कापलेल्या बाह्यांचे गठ्ठे, जमिनीवर निळ्या चिंध्या. खिडकीपाशी खाटेवर म्हातारा बसला होता आणि एकेका चिंधीची घडी घालत होता. उजवा हात कोपरात वाकडा, सरळच होत नव्हता. मी केलेलं काम मी एवढ्या वर्षांनी पाहिलं. अभिमानानं छाती फुगली माझी.

"चहा टाकते," ताई म्हणाली. तिची नजर पिशवीवर होती. "काय आहे त्यात?"

"त्याची वस्तू. परत करायला आणलीय."

"हे बघ, त्यांना स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलंय. काही जाणकार म्हणतात, माणूस म्हणजे त्याच्या आठवणी. त्या गेल्या की तो माणूस तोच राहत नाही. मग तू मारणार कुणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी देशील."

"आणि तुझ्या बाईंचं स्वतःचं काय म्हणणं?"

"त्या म्हणतात, नावं जातात, चेहरे जातात, पण अंगाला जे शिकवलं गेलं ते अंग विसरत नाही."

"म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. झालं तर. अंगालाच विचारतो."

आत शेगडीवर काहीतरी करपल्याचा वास आला तशी ताई स्वयंपाकघराकडे धावली. मी हातोडा बाहेर काढला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर उगारला. मला त्याचा चेहरा बघायचा होता. तो घाबरलेला बघायचा आणि मगच मारायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं.

म्हाताऱ्यानं हातोड्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "दांडा शेवटाला धर," तो म्हणाला. "एवढा वर धरलास तर मनगट जाईल तुझं."

माझा हात तिथंच थांबला. एवढ्यात ताईनं आतून पाहिलं. ती हातातल्या उलथन्यासकट धावत आली, डावा हात उंच करून ओरडली, "खाली ठेव तो!"

म्हातारा किंचाळला. असा आवाज मी माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. डाव्या हातानं त्यानं उजवं कोपर झाकलं, खाटेवरून घसरला आणि भिंतीशी मुटकुळं करून बसला. त्याचा पायजमा ओला झाला. माझ्या हातात दोन किलोचा हातोडा होता आणि त्याची नजर ताईच्या डाव्या हातावर खिळली होती. ताई डावखुरी आहे.

मग तो सरपटत माझ्याकडे आला. माझ्या पँटचा पाय धरून मागे लपला, ताईपासून. वर बघून म्हणाला, "माझा शहाणा मुलगा. तूच सांगितलंस ना, गोण्यांमागे आहे ती म्हणून? शहाणा."

मी त्याला लाथ मारून झटकलं. तो खाटेच्या पायावर आपटला. मी हातोडा फिरवला तो भिंतीतल्या फळीवर बसला. रिळं, बटणांचे डबे, सगळं खाली कोसळलं. पुन्हा फिरवणार तोच ताईनं माझं मनगट पकडलं. तिच्या हातात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"कुठल्या गोण्या?" मी विचारलं.

"कोळशाच्या. आई तिथं लपली होती. बाबांनी तुला उचलून ऐरणीवर बसवलं, लाड केले आणि विचारलं, आई कुठंय? तू बोट दाखवलंस. सहा वर्षांचा होतास रे."

मला ते दिसलं. भट्टी वरून दिसते, बापाच्या डोक्यावरचा भोवरा दिसतो. हे मला कायमच दिसत आलं होतं. मी समजत होतो, मारायला चढलो होतो.

"मग कोपर?"

"मी फोडलं. दोन्ही हातांनी, तिसऱ्या दणक्याला." तिचा आवाज चिरकला. "नंतर तू तीन महिने बोलला नाहीस. भिंतीवर डोकं आपटायचास. जेवायचा नाहीस. एक दिवस मी म्हटलं, अरे वेड्या, तूच तर मारलंस बाबांना. तूच वाचवलंस आईला. त्या दिवशी तू पोटभर जेवलास. मग मी रोज सांगत गेले. आईलाही बजावलं, हेच सांग. तूही सांगायला लागलास, आणि दर वेळी त्यात तुझंच काहीतरी नवीन यायचं."

मी भट्टीवरचा माणूस. लोखंड दर वेळी तापवलं की त्याची थोडी काळी खपली झडते आणि ठोकाल तसा आकार येतो. एकतीस वर्षं मी ती दुपार तापवत आलो होतो. आता मूळ तुकडा कसा होता ते मला कुणी विचारलं तर काय सांगू? मला रडू आलं. बापापुढे रडलो आणि त्याची लाज वाटली.

"ताई, मग मी कोण गं? लोकांना मारलं मी त्या जोरावर. बायकोचा हात पिरगळून मोडला, ती माहेरी गेली ती गेलीच. परवा टर्नर. मला वाटायचं माझ्यात ते आहे. जन्मापासून आहे."

ताई खाली बसून बटणं गोळा करत होती. मग म्हणाली, "गोष्ट मी दिली. तेवढं पाप माझं. बुक्के तुझे."

म्हातारा पुन्हा खाटेवर चढून चिंध्यांच्या घड्या घालायला लागला होता. ताईनं त्याचा पायजमा बदलला, उजव्या हातानं, डावा पाठीमागे धरून. आणल्यापासून ती असंच करत असणार. हातोडा मी तिच्याकडेच ठेवला. तो तिचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्नरच्या घरी गेलो. वाटेत शब्द जुळवले होते. तुझं बरोबर होतं, सहा वर्षांच्या पोराला तो हातोडा उचलत नाही, मी बोट दाखवलं होतं फक्त. एवढं सांगायचं आणि तो देईल ती शिवी खायची. दाराची कडी वाजवली.

दार त्यानंच उघडलं. जबडा तारेनं बांधलेला, हातात पेजेची वाटी. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. त्याच्या हातातून वाटी पडली, दोन्ही हातांनी त्यानं जबडा झाकला आणि खांदे आत ओढून भिंतीला चिकटला, अगदी बापासारखा. या खेपेला समोर मी होतो.