वाकवलेलं पॅनेल

बोर्डांची वाट धाकटीनंच लावली, याबद्दल थोरलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दुसरं होतं कोण? बोर्ड सुटे करायचं यंत्र अख्ख्या कारखान्यात एकच, आणि त्यावर बसणाऱ्या या दोघी जावा. सकाळच्या पाळीला धाकटी, दुपारच्या पाळीला थोरली.

काम तसं साधं, पण नाजूक. एका पॅनेलवर आठ सर्किट बोर्ड जोडून येतात, मधे बारीक खाच. ती खाच सुरीवर नीट बसवायची, वरचं चाक सरकवायचं, की बोर्ड अलगद सुटा होतो. हातानं वाकवून कट्‌कन मोडलं तर वेळ वाचतो, पण खाचेजवळचा तांदळाएवढा कॅपॅसिटर तडकतो. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. बोर्ड तपासणीत पास होतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन मान टाकतो. असे ढीगभर बोर्ड परत आले होते. साहेबांनी बजावलं होतं, "हातानं मोडणारी कोण, ते शनिवारपर्यंत कळलं पाहिजे. नाही कळलं तर दोघींनाही नारळ!"

थोरलीचा नवरा घरी बसून होता. नोकरी गेली तर खायचं काय? आणि धाकटी बघावं तर पाळी संपायच्या आधीच काम उरकून आरशासमोर केस विंचरत उभी! एवढा झपाटा येतो कुठून? घरातही हिचं असंच, भांडी घासली तर निम्मा साबण त्यांनाच चिकटलेला. विचारायला जावं तर म्हणणार, "माझा हातच चालतो, जाऊबाई." चालतो म्हणे!

काल राहवेना, तेव्हा थोरलीनं साहेबांच्या कानावर घातलं. "नाव घेऊ नये, पण..." असं म्हणत तिनं नाव घेतलंच. साहेब म्हणाले, "पुरावा आणा."

म्हणून आज ती पाळीच्या बरीच आधी आली आणि यंत्राच्या खोलीच्या काचेच्या दाराशी आडोशाला उभी राहिली. आतलं अक्षर बाहेर ऐकू येत नव्हतं. धाकटी पॅनेल उचलत होती, खाच सुरीवर टेकवत होती, डाव्या हातानं खालून आधार देत चाक सरकवत होती. नावं ठेवायला जागा नाही. थोरलीला चक्क राग आला. मेली करते तरी कधी?

तेवढ्यात पलीकडच्या दारानं साहेब आत आले. धाकटी उठून मान खाली घालून उभी राहिली. साहेबांनी ढिगातलं एक न कापलेलं पॅनेल उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि बोलता बोलता वाकवलं. मग उलट बाजूनं वाकवलं. असं करायचं नसतं, हे ते दाखवत होते. दाखवून झाल्यावर त्यांनी ते पॅनेल पुन्हा ढिगावर ठेवलं आणि निघून गेले.

थोरलीच्या पाळीतही ते रोज हेच करत. पण तेव्हा ती 'हो साहेब, हो साहेब' करण्यात गुंतलेली असे. आज आवाज नव्हता, म्हणून नुसते हात दिसले. "अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. तक्रारी वाढल्या तसं साहेबांचं समजावणं वाढलं, आणि समजावणं वाढलं तसे तडेही!

आत धाकटीनं इकडंतिकडं पाहिलं. ते वाकवलेलं पॅनेल अलगद उचललं आणि दुपारच्या पाळीच्या खणात, थोरलीच्या ढिगाखाली सरकवलं.

थोरलीनं दार ढकललं. "माझ्या खणात का गं?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "मग कुणाच्या टाकू? साहेबांच्या? त्यांना बोलायची छाती नाही झाली, जाऊबाई. म्हटलं, तुम्ही जुन्या, तुम्हाला कोण काढतंय!"

थोरलीचा हात शिवशिवला. पुरावा आयता सापडला होता. नुसती बोंब मारायची खोटी, धाकटी घरी बसली असती. पण बोर्ड तडकायचे थोडेच थांबणार होते? पुढचा नारळ आपल्यालाच. शिवाय साहेबांना खरं सांगायचं तर कालची चुगली बाहेर येणार. तरी तिनं धाकटीच्या दंडाला धरलं. "चल. आण ते पॅनेल."

तपासणीच्या बाईंनी ते भिंगाखाली धरलं. कॅपॅसिटरच्या टोकाशी केसाएवढा तडा होता. साहेबांना बोलावलं आणि थोरलीनं सगळं सांगून टाकलं.

साहेब लालबुंद झाले. कितीतरी वेळ भिंगात बघत राहिले. "ठीक आहे," शेवटी म्हणाले, "दोघी राहा कामावर. पण काय हो बाई, काल तर तुम्ही छातीठोकपणे हिचं नाव सांगून गेलात?" आणि तावातावानं निघून गेले.

तपासणीच्या बाईंनी उगाच भिंग पुसायला घेतलं. धाकटी थोरलीकडे वळली.

"तुमच्या खणात टाकताना माझा जीव तुटत होता, जाऊबाई," ती म्हणाली. "काल माझं नाव घेताना तुम्हाला काही वाटलं का?"

काल साहेबांकडून आल्यावर थोरली डबा पोटभर जेवली होती. आता खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मला हलकं वाटलं होतं."