पूजेत अडकलेलं पान

मित्रांनो, मी धुळ्याच्या एका वाचनालयातली जुनी कादंबरी आहे, आणि खरं सांगते, मी चिडलेली आहे.

पुण्याच्या छापखान्यातून मी इथे आले त्याला साठ वर्षं झाली. माझ्यात निरंजनस्वामी नावाचे संन्यासी आहेत. त्यांच्या वैराग्याचं कौतुक ऐकून माझे कान किटले. कौतुक करणाऱ्या निम्म्या लोकांनी मला अर्धंच वाचलेलं असे.

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या आधार सरांनी मात्र मला तीनदा वाचलं. पुरुषाचं पुरुषावरचं, बाईचं बाईवरचं प्रेम जुन्या पुस्तकांत कुठे दडलंय, ते शोधत वाचायची नवी पद्धत ते एका शिबिरात शिकले होते. इंग्रजीत तिला क्वीअर थिअरी म्हणतात. माझ्या एकशे बेचाळिसाव्या पानावर, गुरुबंधू केशव मठ सोडून गेल्यावर, स्वामी म्हणतात, "देवासमोर बसलो तरी केशवच दिसतो. हे प्रेम आहे, भक्ती नव्हे." ते पान सरांनी पुन्हा पुन्हा वाचलं. कोणीतरी मला समजून घेतलं, याचा मला फार आनंद झाला.

१९९६ च्या दसऱ्याला वाचनालयात सरांचं व्याख्यान ठरलं. मी हाताशी असावी म्हणून त्यांनीच मला सरस्वतीपूजनाच्या पाटावर ठेवलं. त्यांचं घर बौद्ध, तिथे ही पूजा होत नाही. पूजेतलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत उघडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सरांनी आपलं म्हणणं मांडताच वाचनालयाचे अध्यक्ष छगनआबा उठले आणि कुठे लिहिलंय ते दाखव, असं अहिराणीत गरजले.

"स्वामीले बदनाम करतस? कोठे लिखेल शे? दखाड माले!"

"आबा, ते काय पुस्तक. पान एकशे बेचाळीस."

"ते पूजामा शे. आज उघडानं नही."

"मग तुम्ही पुरावा मागता कशाला?"

पुस्तक सरांनीच पूजेत ठेवलेलं, म्हणून लोक त्यांनाच हसले. समोर बसलेले सरांचे विद्यार्थीही हसले. मी चार हातांवर हळदीकुंकू लावून पडले होते, आणि मला एक पान उलटता येईना! सर कागद गोळा करून निघून गेले. ते पुन्हा वाचनालयात आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पूजा उचलली. हॉलमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, एकशे बेचाळिसावं पान काढलं आणि दोनदा वाचलं. मग मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. सरांकडे त्यांनी निरोपसुद्धा धाडला नाही.

मित्रांनो, पुस्तकाला हळदीकुंकू वाहा, माझी ना नाही. पण कोणी खरं सांगत असेल, तर आधी पान उघडा. आणि तुम्हाला आधार सर कुठे भेटले तर सांगा, की ते बरोबर होते आणि आबांना ते माहीत आहे.