सात मिनिटं मागे

मुंगीने तक्त्यात तिसरं शून्य काढलं, त्यावर फुंकर मारली आणि पेन्सिल कानामागे खोचून आजोबांकडे पाहिलं. पंचनाम्याला आलेला हवालदार घरमालकाकडे पाहतो, तसं.

"आज पण शून्य," ती म्हणाली.

"दिवस अजून संपलेला नाही."

"बाईंनी सांगितलंय, संध्याकाळी सातला मोजणी बंद. सात वाजलेत."

आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खरोखरच सात वाजले होते, अगदी सेकंदाला सेकंद. या घरात सगळी भानगड त्यामुळेच झाली होती.

मुंगी दुसरीत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. सापडेल ते उचलून आपल्या कोपऱ्यात साठवायची म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणत. तिचे आईबाबा एकाच बेकरीत पहाटेच्या पाळीला जात आणि दुपारी पिठाने पांढरे होऊन येत ते थेट झोपत. त्यामुळे शाळेतून दर आठवड्याला येणारा 'घरी करून पाहा' हा कागद आजी-आजोबांच्या वाट्याला येई. मागच्या आठवड्यात मातीत बी पेरायचं होतं. मुंगीने तुलनेसाठी शेजारच्या वाटीत आजोबांच्या सदऱ्याचं बटण पेरलं होतं आणि सहा दिवस पाणी घालून 'उगवले नाही' अशी प्रामाणिक नोंद केली होती. बटण अजून वाटीतच होतं. ती म्हणत होती, घाई करू नका.

या आठवड्याचा कागद असा होता: 'घरात रोज घडणारी एखादी गोष्ट सात दिवस मोजा. ती जितक्या वेळा घडेल तितके चौकोन रंगवा.' वर्गात कुणी दाराची घंटा घेतली होती, कुणी धाकट्या भावाच्या शिंका. मुंगीने लिहिलं होतं, 'आजी आणि आजोबा एकमेकांशी किती वेळा बोलतात.' तिच्याकडे बारा रंगांची नवी कोरी डबी होती. म्हातारी माणसं बडबडी असतात, तेव्हा रंग भरपूर वापरता येईल, असा तिचा साधा हिशेब होता.

"शून्याला रंग कसा देऊ?" तिने आता विचारलं. आवाज रडवेला नव्हता, पण त्या दिशेने निघाला होता.

"दे की दोन-चार चौकोन रंगवून. कोण बघतंय?"

"खोटं?"

"खोटं म्हणजे अंदाजे."

"तुम्हीच म्हणता ना, खोटं घड्याळ बंद घड्याळापेक्षा वाईट?"

त्रेचाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवताना हे वाक्य आजोबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आले होते. ते असं घरी परत येईल, ही कल्पना नव्हती.

घडलं होतं ते एवढंच. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आजीच्या माहेरचं. लग्नात आलं तेव्हापासून ते रोज सात मिनिटं मागे पडायचं. रोज सकाळी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की आजी स्टूल ओढायची, वर चढायची आणि काटा सात मिनिटं पुढे सरकवायची. गावभरची घड्याळं नवऱ्याच्या हातून दुरुस्त होऊन जात होती, पण या घड्याळाला हात लावायची त्याला बंदी होती. "माझ्या आईचं आहे. त्याचं मी बघते," असं आजीने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. आपल्याच घरात चुकीचं घड्याळ टांगलेला घड्याळजी म्हणजे टक्कल पडलेला केशतेलवाला. आजोबांनी ते निमूट सोसलं.

मग दुकान बंद केलं. हाताला काम नाही. आजी चार दिवस बहिणीकडे गेली आणि आजोबांनी घड्याळ उतरवलं. चारही दिवस त्यांनी त्यात जीव ओतला. आजी आली, तेव्हा तिला घड्याळासमोर उभं करून ते कौतुकाने म्हणाले, "बघ, आता एक मिनिट इकडचं तिकडे होणार नाही. स्टुलावर चढायला नको काही नको. म्हातारपणी पडलीस बिडलीस तर?"

आजीने घड्याळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. मग पिशवी खाली ठेवत, "आता तुम्हीच बघा त्याच्याकडे."

ते शेवटचं. त्याला आता सव्वादोन महिने झाले होते. स्टूल गच्चीत गेलं, त्याच्यावर आजीने कोरफडीची कुंडी ठेवली. आणि जी बाई बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देत होती, तिने घरातली एक लाइन शांतपणे काढून ठेवली.

आजोबांच्या मते सगळा दोष त्या 'म्हातारपणी' या शब्दाचा होता. त्यांनी तो मागे घ्यायचा प्रयत्नही केला होता, अर्थात मुंगीमार्फत.

"आजीला सांग, ती अजिबात म्हातारी दिसत नाही."

मुंगी स्वयंपाकघरात जाऊन आली. "आजी म्हणाली, त्यांना सांग, चष्म्याचा नंबर बदला."

हे असले निरोप मुंगीने तक्त्यात धरले नव्हते. नियम तिचे तिनेच केले होते आणि ते कडक होते. माझ्यामार्फत बोललेलं धरणार नाही. खोकला धरणार नाही. भिंतीकडे बघून बोललेलं धरणार नाही. एकाने विचारलं आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, तरच एक चौकोन.

गुरुवारी जेवताना आजोबांनी धाडस केलं. थेट आजीच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "अगं, मीठ कुठंय?"

आजीने मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली.

"झाला!" आजोबा म्हणाले. "रंगव."

"ती बोलली नाही. तिने सरकवलं."

"अर्धा तरी दे."

"अर्धा चौकोन नसतो, आजोबा."

आजी मान खाली घालून जेवत होती. तिच्या गालात काहीतरी हललं, पण तो घासही असू शकेल. जेवणात मीठ आधीच बरोबर होतं, पण मागितलं म्हणून वरून घ्यावंच लागलं. आता ते खारट जेवण आजोबांना संपवावं लागलं.

शुक्रवारी पाचवं शून्य पडलं. मुंगीने ते जरा नक्षीदार काढलं, तेवढाच विरंगुळा. मग कागद उलटला. मागे आणखी एक प्रश्न होता. 'ही गोष्ट पूर्वी किती वेळा घडत असे? घरातील मोठ्यांना विचारून लिहा.'

आजोबा गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. मुंगी पेन्सिल सरसावून समोर बसली. आत आजी बहिणीशी फोनवर बोलत होती. पाऊण तास झाला होता आणि अजून विषय बहिणीच्या गुडघ्यापर्यंतच पोचला होता.

"पूर्वी तुम्ही दिवसातून किती वेळा बोलायचात?"

"पुष्कळ."

"पुष्कळ हा आकडा नाही. सकाळपासून सांगा."

आजोबांनी डोळे मिटले. "सकाळी... सात वाजता ती स्टुलावर चढायची. चढली की म्हणायची, धरलंय का? मी म्हणायचो, धरलंय."

"एक."

"मग ती म्हणायची, नीट? मी म्हणायचो, नीट."

"दोन."

"मग वरून विचारायची, रात्री झोप लागली का? मी सांगायचो. कधी गुडघा दुखतोय, कधी पोराचं काय चाललंय. वरून तिला कपाटावरची धूळ दिसायची, त्यावरून मला बोलायची. मग मी काहीतरी उलट बोलायचो. मग ती हात दे म्हणायची."

"तुम्हाला 'दे' म्हणायची?"

"हात द्या, म्हणायची. मी द्यायचो."

"सहा झाले. मग?"

"मग मी दुकानात जायचो."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी ती विचारायची, जेवायला वाढू? मी म्हणायचो, वाढ."

"सात. पुढे?"

पुढे काही आठवेना. मुंगीने वाट पाहिली. आतून आजीच्या हसण्याचा आवाज आला. आजोबांनी डोळे उघडले. समोर स्टूल होतं आणि त्याच्यावर कोरफड. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो उठला, स्टुलाच्या कडेला टेकला आणि तिथेच राहिला.

"सातातले सहा सकाळचेच," मुंगी तक्ता बघत म्हणाली. "स्टुलावरचे."

"हो," आजोबा म्हणाले. "हो की गं."

शनिवारी सकाळी आजी वाचनालयात पुस्तकं बदलायला गेली. आजोबांनी मुंगीला शेजारच्या मैत्रिणीकडे पिटाळलं, दार लावलं आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची घड्याळाखाली ओढली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. एका हाताने भिंत धरून ते वर चढले, घड्याळाची काच उघडली आणि लंबक थांबवला.

लंबकाच्या गोळ्याखाली एक बारीक नट असतो. तो सैल केला की गोळा जरा खाली येतो आणि घड्याळ मंद चालतं. पोराटोरालाही जमेल असं काम. आजोबांना ते सुरू करायला दहा मिनिटं लागली. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी कुणाचंही घड्याळ मुद्दाम बिघडवलं नव्हतं. एकदा एका नवरदेवाने सासऱ्याचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावून द्या म्हणून गळ घातली होती, तर त्याला त्यांनी दुकानाबाहेर काढलं होतं.

त्यांनी उगीचच खोलीत चहूकडे पाहिलं. मग तेलाचा थेंब सोडून नट सैल केला. एक फेरा, दोन, चार, सहा. काटे बरोबर वेळेला लावून लंबकाला हलका धक्का दिला. टिक आणि टक यांच्यामध्ये आता जरा जास्त जागा होती. इतर कुणाला ऐकू आली नसती. आजोबांना ती दातात अडकलेल्या तुसासारखी दिवसभर टोचत राहिली.

शनिवारचंही शून्य पडलं.

रविवारी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या. आजोबा वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचत होते. त्या पानावर ट्रॅक्टरच्या टायरची एक जाहिरात होती आणि ती ते तिसऱ्यांदा वाचत होते. आजी चहाचे कप घेऊन आली. चालता चालता थांबली. घड्याळाकडे पाहिलं. रेडिओकडे पाहिलं. परत घड्याळाकडे.

"मुंगे," तिने हाक मारली. "कुणाला तरी सांग, घड्याळ मागे पडलंय."

न्हाणीघरातून मुंगीचा गुळण्यांचा आवाज आला. तिच्या तोंडात दंतमंजनाचा फेस होता. निरोप्या कामावर नव्हता.

आजीने कप ठेवले. गच्चीचं दार वाजलं. कुंडी खाली ठेवल्याचा आवाज झाला, मग स्टूल फरशीवरून ओढल्याचा. आजोबा टायरकडे बघत राहिले. स्टूल घड्याळाखाली येऊन थांबलं. चप्पल काढली गेली. लाकूड करकरलं.

मग काही क्षण काहीच नाही.

"धरलंय का?"

आजोबा इतके चपळपणे उठले की वर्तमानपत्र चहात पडलं.

"धरलंय."

"नीट?"

"नीट."

"काल तर बरोबर चालत होतं हे."

"चालायचंच. म्हातारपण."

वरचा हात थांबला. "कुणाचं?"

"घड्याळाचं."

"बरं," आजी म्हणाली. काटा सरकल्याचा बारीक आवाज झाला. "कपाटावर बोटभर धूळ आहे. सव्वादोन महिने काय करत होतात?"

"मी खाली होतो. खालून दिसत नाही."

न्हाणीघराच्या दारात मुंगी उभी होती. हनुवटीवरून फेस ओघळत होता, आणि ती बोटांवर मोजत होती. एक हात संपला, तेव्हा तिने ब्रश दातात धरला आणि दुसरा हात कामाला लावला.

संध्याकाळी सातपर्यंत रविवारचा रकाना कागदाच्या बाहेर गेला. वर दुसरा कागद चिकटवावा लागला. बारापैकी अकरा रंग संपत आले. पांढरा तेवढा शिल्लक होता, कारण तो कागदावर दिसत नव्हता. सहा शून्यांच्या शेजारी तो एकटा खांब दिव्याच्या खांबासारखा उभा होता. तळाशी शेवटचा प्रश्न होता, 'तक्त्यावरून तुम्हाला काय समजले?' मुंगीने जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहिलं.

'घड्याळ बिघडल्यावर बोलणे वाढते.'

त्याखाली मोठ्यांच्या सहीची जागा होती. वर छापलं होतं, 'वरील माहिती खरी आहे.' आजोबांनी चष्मा पुसला, वाक्य वाचलं आणि सही केली. नेहमीपेक्षा जरा मोठीच केली.

सोमवारी मुंगीने तक्ता गुंडाळून दप्तरात खोचला आणि ती बूट घालायला बसली. रेडिओवर बातम्या लागल्या. आजी स्टुलावर होती, आजोबांचे दोन्ही हात स्टुलाला.

"नऊ मिनिटं," आजी वरून म्हणाली.

"काय नऊ?"

"नऊ मिनिटं मागे पडलंय. काल पण नऊच होतं. आईचं घड्याळ सात पडायचं." तिने लंबकाखाली बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "तेलाचा वास येतोय. नवीन."

आजोबांनी हात पुढे केला. आजी त्यांचा हात धरून खाली उतरली आणि बाजूला झाली.

"चढा. सात करून द्या."

आजोबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. या कामाला त्याची गरज नव्हती, पण हातात असला की बरं वाटायचं. एक पाय स्टुलावर ठेवला, मग दुसरा. वरून कपाटावरची धूळ दिसली. खरंच बोटभर होती.

"धरलंय का?" त्यांनी विचारलं.

"धरलंय," आजी म्हणाली. "सावकाश. म्हातारपणी पडाल."

मुंगीचा हात सवयीने कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. मग तिला आठवलं, मोजणी कालच बंद झाली. तिने दुसरा बूट घातला. वर आजोबा श्वास रोखून नट घट्ट करत होते, अगदी थोडा, सातात एका मिनिटाचाही फरक पडता कामा नये म्हणून.