छोट्या वाट्यांचा ट्रे

दुकानदाराने धाकटीच्या मफिन ट्रेच्या एका वाटीत पाणी ओतलं आणि तेच पाणी मोठ्या ट्रेच्या वाटीत रिकामं केलं. जेमतेम तळ झाकला.

"बघा. तुमच्या कागदावरची पंचवीस मिनिटं या मोठ्या वाट्यांची आहेत. तुमच्या एवढ्याशा वाट्यांना बारा बास. मफिन वाळणार नाहीत तर काय?"

"पण ताईनंच लिहून दिलंय. ट्रेपण तिनंच दिला."

"हो, इथूनच नेला. त्यांच्याकडे मोठा आहे. मी बजावलं होतं, छोट्याला निम्मा वेळ. म्हणाल्या, सांगते बहिणीला."

धाकटीने ट्रे पुसून पिशवीत घातला. पाच वर्षं तिचे मफिन दगड होत होते. घंटी वाजेपर्यंत ओव्हनचं दार उघडायचं नाही, हेही ताईनेच शिकवलेलं. भाऊजी हातोडी मागायचे, सगळे हसायचे, तीही हसायची. गेल्या वर्षी कॉफीच्या दुकानाने तिला देऊ केलेली रोजची ऑर्डर तिने आपणहून ताईला दिली. माझ्या हातालाच चव नाही, म्हणून रडली होती. ताईने पदराने तिचे डोळे पुसले होते.

ते पुसणं तिला आता आठवलं. परक्याने केसाने गळा कापला असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

घरी तिने त्याच ट्रेमध्ये बारा मिनिटं मफिन भाजले. फुगले, सोनेरी झाले, बोटाने दाबले की परत वर येत होते. डबा भरून ती ताईकडे निघाली. विसरली असेल बिचारी, संसाराच्या धबडग्यात राहून गेलं असेल, असं रस्ताभर स्वतःला समजावत होती. तेवढं खरं निघालं असतं तरी तिला पुरलं असतं.

भाऊजींनी भीत भीत एक तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला.

"अगं, हे तू केलेस? कापूस आहे कापूस!"

ताईने अर्धा मोडून आत पाहिलं. खाल्ला नाही.

"किती वेळ ठेवलेस?"

कसे केलेस नाही, काय घातलंस नाही. धाकटीने डब्याचं झाकण हातात घट्ट धरलं.

"तू लिहून दिलास तेवढाच. पंचवीस मिनिटं."

"शक्यच नाही," ताई म्हणून गेली.

भाऊजींनी घास गिळला आणि बायकोकडे पाहिलं.

"का गं? शक्य का नाही?"