आढ्यावरचं डुक्कर

हेप्झिबा लस्कमच्या छपरावरचं गवती डुक्कर जिंकलं. पण हे इतक्यात सांगायचं नव्हतं. तेव्हा कुणी काही ऐकलेलं नाही.

तर, डुक्कर हरायच्या बेतात होतं.

हेप्झिबाचं घर इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या एका खेड्यात होतं. माती आणि पेंढा तुडवून उभारलेलं, भिंती दोन हात जाड. असल्या घराला चांगले बूट आणि चांगली टोपी दिली की ते कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं तिकडे म्हणतात. बूट म्हणजे दगडी जोतं, टोपी म्हणजे गव्हाच्या काडाचं छप्पर. टोपी यंदा अमोस टॅपस्कॉटने शाकारली. काम संपलं की शाकारणारा आपली खूण म्हणून आढ्यावर गवताचा प्राणी बसवतो. अमोसचा नेहमीचा कोल्हा. हेप्झिबाने डुक्कर मागितलं. तिची डुकरीण डचेस, सलग सहा जत्रांत पहिली आलेली, नुकतीच वारली होती. नवऱ्याचा फोटो कपाटात होता. डचेसला आढं मिळालं.

मग जुन्या घरांवर देखरेख ठेवणारे पेव्हरेलसाहेब आले.

"डुक्कर काढा. चौदा दिवसांत."

"का हो? चावलं का तुम्हाला?"

"बाई, एकोणीसशे आठच्या फोटोत या घरावर डुक्कर नाही. घर ऐतिहासिक आहे. मूळचं तेच राहणार, नवं काही चालणार नाही."

"त्या फोटोत तुम्हीपण नाही."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग अमोसकडे वळले. "आणि छपराचा सगळ्यात खालचा थर हलवला असेल तर वेगळी कारवाई."

अमोसला हे लागलं. डुकराबद्दल बोला, पण खालचा थर? "माझ्या आज्यानं हलवला नाही, त्याच्या आज्यानं हलवला नाही. आम्ही जुन्यावर नवं चढवतो, साहेब. चढा माळ्यावर. बघाच."

साहेब बॅटरी घेऊन चढले. मागून हेप्झिबा, गुडघ्यांना शिव्या देत. खालचा थर जागच्या जागी होता, डांबरासारखा काळा. घराच्या मधोमध चूल पेटायची आणि धूर काडातून वाट काढायचा, तेव्हाची ती काजळी. बॅटरी आढ्यापाशी थांबली. तिथे काहीतरी बांधलेलं होतं. चार पाय. गुंडाळलेली शेपटी.



"काय आहे ते, बाळा?" हेप्झिबाने गोड आवाजात विचारलं.

"...डुक्कर."

"कशाचं?"

"गवताचं."

"काळं कशानं झालं?"

"धुरानं."

"आणि धुराडं कधी बांधलं? तुमच्याच कागदात बघा."

साहेबांनी कागद पाहिला. "पंधराशे नव्वद."

"धुराडं आल्यावर इथे धूर कसला यायला? म्हणजे डुक्कर आधीचं. नवं कोण मग?"

साहेब प्रामाणिक माणूस. खाली उतरून त्यांनी लिहिलं: 'डुक्कर मूळचं. आढ्यावर कायम राहील.' सायंकाळी चर्चच्या सहाही घंटा वाजल्या, गावाने सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, पिंप उपडं केलं, आणि अमोसने उभ्या जन्मात पहिल्यांदा एका डुकरापुढे टोपी काढली.

हेप्झिबा मात्र टेबलाशी बसून अर्ज लिहीत होती.

'महोदय, आपल्याच नियमानुसार माझ्या घराचं धुराडं हे मागाहून केलेलं विनापरवाना बांधकाम ठरतं. तरी ते बांधणाऱ्या गवंड्यास चौदा दिवसांच्या आत, पंधराशे नव्वद सालच्या फोटोसह, आपल्या कार्यालयात समक्ष हजर करावे, ही नम्र विनंती.'