चार तुझी, चार माझी

पोथी दोन बोटं रुंद आणि तीन बोटं लांब होती. प्रवासात पागोट्यात खोचता यावी म्हणून कुणा पूर्वजाने ती एवढीशी लिहवून घेतली होती. पानं आठ. वाटणीच्या वेळी दोघा भावांपैकी कुणावरही अन्याय नको, म्हणून मामांनी निवाडा दिला : चार तुझी, चार माझी. पोथीचा दोरा कापला, चार-चार पानांच्या दोन फ्रेमा झाल्या. स्तोत्राचा पूर्वार्ध थोरल्यांच्या देवघरात गेला, उत्तरार्ध धाकट्यांच्या. न्याय चोख झाला. पुण्य पुरतं मिळवायचं तर दोन घरं फिरावी लागत, एवढंच.

धाकटे म्हणजे दत्तात्रेय, निवृत्त चित्रकला शिक्षक. आज ते आपली फ्रेम घेऊन थोरल्यांच्या घरी, कमलावहिनींच्या पडवीत खुर्चीच्या कडेवर बसले होते. आळीच्या उत्सव मंडळाच्या शताब्दीला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि जुनं खरोखर किती जुनं हे ठरवायला पुण्याहून सावनी मॅडम आल्या होत्या. मॅडमनी दोन्ही फ्रेमांच्या पाठी उघडून पानं टिपकागदावर मांडली आणि भिंग डोळ्याला लावलं. दत्तात्रेय खुर्चीच्या आणखी कडेला सरकले.

कारण त्यांच्या फ्रेमेतली चारही पानं त्यांनी स्वतः लिहिली होती.

सतरा वर्षांपूर्वी दसऱ्याला सरस्वतीपूजनात त्यांनी फ्रेम पाटावर आडवी ठेवली आणि भक्तिभावाने पळीपळीने पाणी सोडलं. काचेला कोपऱ्यात तडा होता. शाई काजळाची. आरती होईतो चार पानांचा मिळून एक ढग झाला होता. मग दार लावून जुन्या वहीचा कोरा कागद, चहाचं पाणी, ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई आणि पंधरा दिवस. थोरले तेव्हा हयात होते. दर संकष्टीला येऊन फ्रेमेला हात जोडत. "अक्षर बघ, दत्तू. असा हात आता होणे नाही."

"नाही रे, दादा," दत्तात्रेय म्हणत.

दादा गेले, सांगायचं राहून गेलं.

"काय रे दत्तू, घाम कसला फुटलाय?" वहिनींनी विचारलं. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा दत्तात्रेय चौथीत होते. तेव्हापासून त्या त्यांचा चेहरा वर्तमानपत्रासारखा वाचत.

"उकडतंय."

"पंखा पाचावर आहे."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "ही काकांची पानं अप्रतिम आहेत. हात स्थिर, ओळी सरळ. ही मूळ."

दत्तात्रेयांनी अडकलेला श्वास सोडला. सोडायला नको होता.

"आजी, तुमची मात्र... अक्षर डगमगतंय, ओळी खाली उतरतायत. ही मला नंतरची नक्कल वाटते. मूळ पानं कुणीतरी काढून घेतली असावीत."

"कुणीतरी म्हणजे कोण? घरात मी एकटी आहे."

"तसं नाही, आजी..."

"मग कसं?"

मंडळाचे चिटणीस काशीराम वहीत लिहू लागले : थोरल्यांची, नक्कल. काशीरामनी लिहिलेलं संध्याकाळपर्यंत आळीभर होई, आणि न लिहिलेलं दुपारपर्यंत.

वहिनी गप्प झाल्या. वहिनी गप्प बसलेल्या दत्तात्रेयांनी दोनदाच पाहिल्या होत्या, दुसऱ्यांदा आत्ता. आपण नुसतं बसून राहिलो तर सुटलो, हा हिशेब त्यांच्या डोक्यात लख्ख होता. गुडघ्यांना मात्र तो कुणी सांगितला नसावा. ते उभे राहिले.

"खोडा ते, काशीराम. नक्कल माझी आहे. मी केलेली."

मॅडम समजुतीने हसल्या. "काका, वहिनींसाठी तुम्ही हे म्हणताय, कळतं मला. पण हे अक्षर आजच्या माणसाचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाची एवढी तारीफ करत होतं, आणि ती खोडून काढायची पाळी त्यांच्यावरच आली होती. त्यांनी शेजारच्या पाण्याच्या तांब्यात बोट बुडवलं आणि आपल्या पानाच्या पहिल्या ओळीवरून खसाखसा फिरवलं. मॅडम किंचाळल्या. ओळ होती तिथेच राहिली.

"वॉटरप्रूफ," दत्तात्रेय म्हणाले. "काजळाची असती तर पळाली असती. खरी पानं मी सतरा वर्षांपूर्वी पूजेत भिजवली. दादाला सांगायचा धीर झाला नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, मग तांब्याकडे.

"नको, नको!" तिघंही एकदम ओरडले, पण तोवर वहिनींचं ओलं बोट स्वतःच्या पहिल्या पानावरून शेवटपर्यंत जाऊन आलं होतं. तिथे आता मुंज्याच्या डोळ्यांत काजळ घालताना फिसकटावं तसा एक लांब काळा फराटा होता.

"पळाली!" वहिनींचा चेहरा उजळला. "बघा, कशी पळाली ती! काय लिहिलंस, काशीराम? खोड. अस्सल लिही."

काशीरामनी खोडलं. मॅडम उरलेली तीन पानं ओंजळीखाली झाकून बसल्या होत्या.

"पूजेत पाणी ओतलंन मेल्याने," वहिनी पदराला बोट पुसत म्हणाल्या, "आणि सतरा वर्षं चेहरा पाडून हिंडतोय." मग पहिल्या पानाकडे नीट पाहून त्यांनी आवाज जरा खाली आणला. "दत्तू, ती शाई उरल्ये का रे तुझ्याकडे?"